इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नियंत्रणातील दोषांचे निदान

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल नियंत्रणातील दोषांचे निदान म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या विद्युतचालित झडपेच्या यंत्रणेत बिघाड झाल्यास, त्याचे नेमके ठिकाण व कारण शोधून काढण्याची पद्धत होय. या यंत्रणेला संक्षेपाने ईटीसी असे म्हणतात. 'ड्राइव्ह-बाय-वायर' हे तिचे दुसरे प्रचलित नाव आहे. ॲक्सिलरेटरचे पेडल आणि इंजिनाची झडप यांच्यामध्ये या यंत्रणेत केबल नसते. पायाचा दाब विद्युत संकेतात रूपांतरित होतो आणि झडप किती उघडावी याचा निर्णय संगणक घेतो.

या यंत्रणेत दोष उद्भवल्यास गाडी 'रेस घेत नाही', अचानक वेग धरेनाशी होते किंवा उभ्या जागी इंजिनाचे फेरे वरखाली होतात. भर महामार्गावर असे घडल्यास अपघाताचा धोका संभवतो. दुसरीकडे, निदान चुकल्यास महागडी थ्रॉटल बॉडी किंवा इंजिन नियंत्रण संगणक बदलूनही मूळ दोष तसाच राहतो. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी मापन करणे हे या निदानाचे पहिले तत्त्व मानले जाते.

रचना व कार्य

पेट्रोल इंजिनात सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेच्या प्रमाणावर इंजिनाची शक्ती अवलंबून असते. हवेच्या मार्गात बसविलेली गोल चकतीसारखी झडप फिरली की मार्ग उघडतो किंवा बंद होतो. जुन्या गाड्यांत ही झडप पेडलला जोडलेल्या केबलने ओढली जात असे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पुढील चार घटक एकत्र काम करतात.

• पेडल संवेदक : ॲक्सिलरेटर पेडलच्या वरच्या भागात दोन स्वतंत्र संवेदक असतात. पेडल किती दाबले आहे हे दोघेही वेगवेगळ्या व्होल्टेजच्या रूपाने कळवितात. अनेक गाड्यांत दुसऱ्या संवेदकाचे व्होल्टेज पहिल्याच्या निम्मे असते. पेडल मोकळे असताना पहिल्यावर सुमारे ०.७५ व्होल्ट असेल, तर दुसऱ्यावर सुमारे ०.३७ व्होल्ट मिळतात.

• इंजिन नियंत्रण संगणक : हा ईसीयू या नावाने ओळखला जातो. पेडलचा संकेत, इंजिनाचा वेग, तापमान, हवेचा दाब, ब्रेकची स्थिती, वातानुकूलन यंत्राचा भार इत्यादींचा विचार करून तो झडपेचा कोन ठरवितो.

• थ्रॉटल बॉडी : हिच्यात झडप, तिला फिरविणारी लहान डीसी विद्युत मोटर, दातेरी चक्रे आणि स्प्रिंग असतात. संगणक मोटरला वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्पंदांच्या स्वरूपात वीज देतो. विजेची दिशा उलटी करून तो झडप उघडूही शकतो आणि मिटवूही शकतो.

• झडपेचे स्थिती-संवेदक : झडप प्रत्यक्षात किती उघडली हे कळविणारे दोन संवेदक थ्रॉटल बॉडीतच असतात. पुष्कळ रचनांत झडप उघडताना एकाचे व्होल्टेज वाढते आणि दुसऱ्याचे तेवढेच घटते. पाच व्होल्टचा पुरवठा असलेल्या अशा रचनेत दोघांची बेरीज नेहमी पाचच्या जवळ राहते. पहिल्यावर १.१ व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर ३.९ व्होल्ट अपेक्षित असतात.

प्रत्येक ठिकाणी दोन संवेदक ठेवण्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे. एकच संवेदक असता तर तो खोटे सांगत आहे हे संगणकाला कळले नसते. दोघांच्या सांगण्यात मेळ नसेल, तर त्यांतील खरा कोण हे ठरविण्याच्या भरीस न पडता संगणक गाडीची शक्ती मर्यादित करतो. या अवस्थेला 'लिंप मोड' असे म्हणतात. मोटरची वीज पूर्ण तोडली तरी स्प्रिंगांमुळे झडप किंचित उघड्या स्थितीत थांबते. त्यामुळे इंजिन बंद न पडता गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला किंवा जवळच्या गावापर्यंत नेता येते.

डिझेल इंजिनात शक्ती मुख्यतः इंधनाच्या प्रमाणावर अवलंबून असते. त्यामुळे पेडल संवेदकाचे काम तेच राहते, परंतु हवामार्गातील झडपेचे काम बदलते. आधुनिक डिझेल गाडीत ती झडप धूर पुन्हा इंजिनात फिरविण्यासाठी, काजळीची गाळणी तापविण्यासाठी आणि इंजिन धक्का न बसता बंद करण्यासाठी वापरली जाते. म्हणून पेट्रोल गाडीचे निदानाचे नियम डिझेल गाडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

इतिहास व भारतातील प्रसार

प्रवासी मोटारगाडीत ही यंत्रणा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएमडब्ल्यू कंपनीच्या ७ मालिकेतील बारा सिलिंडरच्या गाडीत आली. पुढील दोन दशकांत ती महागड्या गाड्यांतून सर्वसामान्य गाड्यांत पोहोचली. प्रदूषण नियंत्रण, घसरणरोधक नियंत्रण, ठरावीक वेगाने गाडी चालविण्याची सोय आणि स्वयंचलित गिअरपेटी या सर्वांसाठी झडप संगणकाच्या ताब्यात असणे सोयीचे ठरले.

भारतात या प्रसाराला उत्सर्जन मानकांची जोड मिळाली. भारत स्टेज-४ हे मानक २०१० मध्ये प्रथम निवडक शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर यांचा समावेश होता. १ एप्रिल २०१७ पासून ते संपूर्ण देशात आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे मानक लागू झाले. भारत स्टेज-४ च्या गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वनिदान व्यवस्था बंधनकारक झाली. गाडीतील संगणकाने स्वतःचे दोष ओळखून संकेतांकाच्या रूपात साठवावेत, हे या व्यवस्थेचे सूत्र आहे. वाहनांच्या चाचणी व प्रमाणीकरणाचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात कार्यरत आहे.

दुचाकींतही ही यंत्रणा आली आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलीत २०१७ च्या आवृत्तीपासून केबलऐवजी विद्युतचालित थ्रॉटल देण्यात आला.

दोषाची लक्षणे

• फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा किंवा थ्रॉटलचा स्वतंत्र दिवा लागणे.
• पेडल दाबूनही इंजिनाचे फेरे एका मर्यादेपुढे न जाणे.
• पेडल दाबल्यावर प्रतिसाद उशिरा मिळणे किंवा गाडी हिसके देणे.
• गाडी उभी असताना फेरे वरखाली होणे, प्रमाणापेक्षा जास्त राहणे किंवा इंजिन बंद पडणे.
• वातानुकूलन यंत्र सुरू करताच इंजिन बंद पडणे.
• किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दोष काही काळ नाहीसा होणे.

यांतील शेवटचे लक्षण विशेष फसवे आहे. अनेक गाड्यांत किल्ली फिरविताच संगणक नव्याने तपासणी करतो आणि त्या क्षणी संकेत योग्य असतील तर गाडी पूर्ववत चालू लागते. यामुळे दोष आपोआप बरा झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तार किंवा जोडणी हलल्यावरच तो प्रकट होत असतो.

प्रमुख दोषसंकेतांक

स्टिअरिंगच्या खालच्या भागात असलेल्या सोळा टोकांच्या जोडणीला स्कॅनर लावून दोषसंकेतांक वाचले जातात. थ्रॉटल यंत्रणेशी संबंधित महत्त्वाचे संकेतांक पुढीलप्रमाणे आहेत.

• पी०१२२, पी०१२३ : झडपेच्या पहिल्या संवेदकाचे व्होल्टेज अनुक्रमे फार कमी, फार जास्त.
• पी०२२२, पी०२२३ : झडपेच्या दुसऱ्या संवेदकाबाबत तेच.
• पी२१२२, पी२१२३ : पेडलच्या पहिल्या संवेदकाचे व्होल्टेज फार कमी, फार जास्त.
• पी२१२७, पी२१२८ : पेडलच्या दुसऱ्या संवेदकाबाबत तेच.
• पी२१३५ : झडपेच्या दोन संवेदकांत मेळ नाही.
• पी२१३८ : पेडलच्या दोन संवेदकांत मेळ नाही.
• पी२१०१ : झडपेच्या मोटरच्या मंडलाचे काम अपेक्षेप्रमाणे नाही.
• पी२१११, पी२११२ : झडप अनुक्रमे उघडी अडकली, बंद अडकली.
• पी२१७६ : झडपेची मंदगतीची स्थिती संगणकाने शिकलेली नाही.
• पी०५०६, पी०५०७ : मंदगतीचे फेरे अपेक्षेपेक्षा कमी, जास्त.
• पी०६४१, पी०६५१ : संवेदकांना मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या पुरवठ्यात दोष.
• पी०५०४ : ब्रेक स्विचच्या दोन संकेतांत मेळ नाही.

संकेतांक हा तपासाची दिशा दाखवितो. तो निकाल नसतो. पी२१३५ याचा अर्थ 'थ्रॉटल बॉडी बदला' असा होत नाही. संवेदक, तार, जोडणीतील गंज, अर्थिंग किंवा पुरवठा यांपैकी कोणत्याही कारणाने दोघांतील मेळ बिघडू शकतो.

निदानाचे टप्पे

१. तक्रार समजून घेणे : दोष थंड इंजिनावर येतो की तापल्यावर, खड्ड्यांतून जाताना येतो की सरळ रस्त्यावर, पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर आला का, नुकतेच काही काम केले होते का, या प्रश्नांच्या उत्तरांतून तपासाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

२. संकेतांक व गोठविलेली माहिती नोंदविणे : दोष नोंदविताना इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, तापमान आणि व्होल्टेज किती होते हे संगणक साठवून ठेवतो. संकेतांक पुसल्यास ही माहितीही जाते. म्हणून पुसण्यापूर्वी ती लिहून घ्यावी लागते.

३. बॅटरी व अर्थिंग तपासणे : इंजिन बंद असताना सुस्थितीतील बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळतात. अर्थिंगची परीक्षा भार असताना करावी लागते. इंजिन सुरू ठेवून, दिवे लावून, बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातूचा भाग यांच्यामध्ये मल्टिमीटर लावल्यास साधारण ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक दिसला पाहिजे. फरक जास्त असेल तर अर्थिंगची तार किंवा तिचे टोक दोषी असते. केवळ तार तुटलेली नाही एवढे पाहणे पुरेसे नसते.

४. पाच व्होल्टचा पुरवठा मोजणे : पेडल व झडप यांच्या संवेदकांना संगणकाकडून पाच व्होल्ट मिळतात. हाच पुरवठा काही गाड्यांत हवेचा दाब किंवा वातानुकूलन वायूचा दाब मोजणाऱ्या संवेदकालाही दिलेला असतो. त्यांपैकी एक जरी अर्थला भिडला तरी सर्वांचा पुरवठा खचतो आणि एकाच वेळी अनेक संकेतांक उमटतात. अशा वेळी संवेदकांच्या जोडण्या एकेक करून काढाव्यात. ज्याची जोडणी काढताच पाच व्होल्ट परत येतात, तो संवेदक किंवा त्याची तार दोषी ठरते.

५. चालू आकडे पाहणे : स्कॅनरवर पेडलचे दोन्ही व झडपेचे दोन्ही संकेत एकत्र पाहावेत. पेडल अगदी सावकाश तळापर्यंत दाबून तितक्याच सावकाश सोडावे. आलेख सलग चढला व उतरला पाहिजे. मध्येच खाच किंवा उडी दिसल्यास तेथेच दोष आहे. त्यानंतर संगणकाने मागितलेला झडपेचा कोन आणि प्रत्यक्ष कोन यांची तुलना करावी. मागणी योग्य पण प्रत्यक्ष कोन मागे राहत असेल, तर झडप, मोटर किंवा तिचा वीजपुरवठा पाहावा. मागणीच कमी असेल, तर पेडल, ब्रेक स्विच किंवा अन्य यंत्रणेकडे वळावे.

६. तारा हलवून पाहणे : चालू आकड्यांवर लक्ष ठेवून जोडण्या व तारांचा जुडगा हाताने हलविल्यास अधूनमधून येणारा दोष सापडतो. पेडलजवळचा, बॅटरीखालचा आणि इंजिन व गाडीचा सांगाडा यांच्यामधला जुडगा ही सर्वाधिक ताण पडणारी ठिकाणे आहेत.

७. झडप व मोटर तपासणे : हवेची नळी काढून झडपेच्या कडेला साचलेला काळा थर पाहावा. मोटरच्या दोन टोकांमधील रोध बहुधा काही ओहम इतकाच असतो. तो अनंत असल्यास गुंडाळी तुटलेली, आणि शून्याजवळ असल्यास ती आतून भिडलेली समजावी. नेमके आकडे त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावेत.

८. दुरुस्तीची खातरजमा : दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून, ज्या परिस्थितीत दोष आला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. हा टप्पा गाळल्यास दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

एक उदाहरण

समजा, लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडकडे निघालेली एक पेट्रोल गाडी अहमदपूर ओलांडल्यावर खडबडीत रस्त्यावर अचानक वेग धरेनाशी झाली. किल्ली बंद-चालू केल्यावर ती पूर्ववत चालली. स्कॅनरवर पी२१३८ हा एकच संकेतांक मिळाला.

गाडी उभी असताना पेडल मोकळे ठेवून ०.७६ व ०.३८, अर्धे दाबून २.१० व १.०५, आणि पूर्ण दाबून ३.९० व १.९५ व्होल्ट असे आकडे दिसले. प्रत्येक वेळी दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा आहे, म्हणजे या क्षणी यंत्रणा निर्दोष आहे. आता पेडल अर्धे दाबून धरले आणि पेडलपासून निघणारा जुडगा हलविला. पहिला आकडा २.१० वर स्थिर राहिला, परंतु दुसरा क्षणभर ०.७० वर उतरला. याचा अर्थ दोष दुसऱ्या संकेताच्या बाजूला आहे.

यानंतर पेडलच्या जोडणीपाशीच मल्टिमीटर लावून तीच कृती केली. तेथे पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि १.०५ व्होल्टचा संकेत हे तिन्ही जुडगा हलविताना स्थिर राहिले. स्कॅनरवर मात्र आकडा पुन्हा उतरला. पेडलमधून संकेत बरोबर निघतो आणि संगणकापर्यंत पोहोचेपर्यंत तो कमी होतो. म्हणून दोघांमधील संकेताची तार किंवा तिच्या संगणकाकडील टोकाची पिन यांत दोष आहे, हे सिद्ध झाले. या गाडीत केवळ संकेतांक पाहून नवे पेडल बसविले असते, तर जोडणी हलल्यामुळे दोन-चार दिवस दोष दिसला नसता आणि पुढच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तो परत आला असता.

गल्लत निर्माण करणारे दोष

पुढील दोषांची लक्षणे थ्रॉटलच्या दोषासारखीच दिसतात.

• हवेची गळती : झडपेनंतरच्या नळीला चीर पडल्यास न मोजलेली हवा आत शिरते आणि मंदगतीचे फेरे वाढतात. संगणक झडप जवळजवळ मिटवून ठेवतो आणि दोष झडपेचा वाटतो.
• ब्रेक स्विच : ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्याचा संकेत मिळाल्यास अनेक गाड्यांत संगणक शक्ती कमी करतो. स्विच अडकला असेल तर ब्रेक न दाबताही तसे घडते. मागचे लाल दिवे सतत जळत आहेत का, एवढे पाहण्याने हा दोष पुष्कळदा उघड होतो.
• इंधनाचा दाब कमी असणे : झडप पूर्ण उघडूनही गाडी ओढत नाही. येथे मागितलेला व प्रत्यक्ष कोन यांचा मेळ असतो. त्यावरून थ्रॉटल निर्दोष असल्याचे कळते.
• धूर बाहेर जाण्याच्या मार्गातील अडथळा : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबल्यास वेग वाढत नाही.
• सीएनजी किट : गाडी गॅसवर असताना दोष येतो आणि पेट्रोलवर येत नाही, असे असेल तर प्रथम गॅस किटकडे पाहावे. किट बसविताना मूळ तारांना मारलेले जोडही तपासावेत.

मराठवाड्यातील परिस्थिती

नांदेड व लातूर या जिल्ह्यांचे हवामान, माती आणि रस्ते यांचा या यंत्रणेवर परिणाम होतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंजिनाच्या कप्प्यातील उष्णता त्याहून पुष्कळ अधिक असते. तिच्यामुळे तारांवरील प्लॅस्टिकचे आवरण कडक होते आणि जोडण्यांची खिट्टी तुटते. खिट्टी तुटलेली जोडणी वरून बसलेली दिसली तरी आतील पिन सैल राहते.

काळ्या मातीची बारीक धूळ, तसेच खरिपाच्या सुगीत सोयाबीनच्या मळणीच्या वेळी उडणारा भुसा यांमुळे एअर फिल्टर लवकर भरतो. फिल्टर फाटला असेल किंवा नीट बसलेला नसेल तर धूळ थेट झडपेपर्यंत जाते. तेथे ती इंजिनातून येणाऱ्या तेलाच्या वाफेत मिसळून चिकट थर बनते. शेतात किंवा वाड्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर व घुशी तारा कुरतडतात. त्यामुळे बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत अचानक एकाच वेळी अनेक संकेतांक आले, तर प्रथम तारांची पाहणी करणे शहाणपणाचे ठरते.

उंचीचाही विचार करावा लागतो. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर गोदावरीकाठी आहे, तर बालाघाटच्या पठारावरील लातूर सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीवर सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नांदेडला तो सुमारे ९७ आणि लातूरला सुमारे ९४ किलोपास्कल येतो. म्हणून किल्ली चालू व इंजिन बंद असताना लातूर येथे दाब-संवेदकाने ९४ च्या आसपासचा आकडा दाखविल्यास तो दोष समजू नये. उलट, तेथे १०१ चा आकडा दिसल्यास संवेदकावर शंका घ्यावी. पुस्तिकेतील आकडे अनेकदा समुद्रसपाटीचे असतात, हे विसरल्यास निर्दोष संवेदक बदलला जातो.

झडपेची स्वच्छता व पुनर्शिक्षण

झडपेच्या कडेला थर साचल्यावर तिच्या बाजूने जाणारी हवा कमी होते. संगणक ही तूट ओळखून मंदगतीला झडप थोडी अधिक उघडी ठेवण्यास शिकतो. झडप स्वच्छ केल्यावर हवा पूर्ववत वाहू लागते, परंतु संगणक जुन्याच सवयीने झडप अधिक उघडतो. परिणामी स्वच्छतेनंतर फेरे वाढतात आणि पी०५०७ हा संकेतांक येऊ शकतो. स्वच्छतेने गाडी बिघडली असा समज येथून निर्माण होतो. वास्तविक संगणकाला झडपेची नवी स्थिती शिकविणे बाकी असते.

या पुनर्शिक्षणाची पद्धत प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. काही गाड्यांत पेडलला स्पर्श न करता ठरावीक काळ किल्ली चालू ठेवावी लागते, तर काहींत स्कॅनरमधून आज्ञा द्यावी लागते. इंजिन पुरेसे तापलेले, बॅटरी सुस्थितीत आणि दिवे, पंखा व वातानुकूलन यंत्र बंद असणे ही सामान्य पूर्वअट आहे.

स्वच्छतेसाठी थ्रॉटल बॉडीकरिता असलेले द्रव आणि मऊ कापड वापरावे. द्रव थेट फवारण्याऐवजी कापडावर घ्यावे, म्हणजे ते मोटर व संवेदकांत शिरत नाही. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा पेचकस यांनी थर खरवडू नये. काही झडपांवर विशेष लेप असतो आणि तो निघाल्यास झडप नीट मिटत नाही.

सुरक्षितता

किल्ली चालू असताना झडपेत बोट घालणे धोकादायक आहे. मोटर क्षणात झडप मिटविते आणि बोटाला गंभीर इजा होऊ शकते. झडप हाताने जोराने उघडल्यास आतील दातेरी चक्रे निकामी होण्याचा संभव असतो. पेडलच्या किंवा झडपेच्या संकेताला वरून वीज देऊन, अथवा दोन संकेत एकत्र जोडून दिवा घालविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. दोन स्वतंत्र साक्षीदार ठेवून जी सुरक्षितता निर्माण केलेली असते, ती अशा जोडणीने नष्ट होते.

अमेरिकेत २००९-१० या काळात टोयोटा कंपनीच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नासा या अंतराळ संस्थेच्या अभियंत्यांची मदत घेऊन तपास केला. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गाडीला धोकादायक वेग देईल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. पेडल अडकून राहणे आणि पायाखालच्या चटईत पेडल गुंतणे ही दोन यांत्रिक कारणे मात्र निश्चित झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात ज्युरीने संगणकप्रणालीतील दोषाचा दावा ग्राह्य धरून कंपनीविरुद्ध निर्णय दिला. या प्रकरणामुळे ब्रेक दाबताच ॲक्सिलरेटरचा संकेत दुय्यम ठरविणाऱ्या व्यवस्थेचा प्रसार वाढला. मूळ चटईवर दुसरी जाड चटई न टाकणे, ही साधी काळजी आजही तितकीच महत्त्वाची आहे.

धावत्या गाडीत थ्रॉटलचा दोष आल्यास धोक्याचे चारही दिवे लावून, मागचा अंदाज घेत, गाडी डाव्या कडेला घ्यावी. इंजिन अनावर वेग घेत असल्यास ब्रेक एकदाच भक्कम दाबून धरावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. गाडी धावत असताना किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप लागू शकते.

शिक्षण व कौशल्य

केबल व कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्रीचा कान आणि हात हीच मुख्य साधने होती. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखण्याचे ते कौशल्य आजही उपयोगी पडते, परंतु त्याला मापनाची जोड आवश्यक झाली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या क्षेत्रात प्रवेशाचा नेहमीचा मार्ग आहे. उच्च तांत्रिक शिक्षणासाठी लातूर येथे पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, तर नांदेड येथे शासकीय तंत्रनिकेतन आणि विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था या संस्था आहेत.

या निदानासाठी लागणारी साधने फारशी महाग नाहीत. एक चांगला मल्टिमीटर, चालू आकडे व आलेख दाखविणारा स्कॅनर, त्या गाडीची तारांची आकृती आणि दुरुस्ती पुस्तिका एवढ्यावर बहुतेक दोष सापडतात. व्होल्टेज, रोध व विद्युतप्रवाह यांचा परस्परसंबंध शाळेच्या विज्ञानात शिकविला जातो. पेडलच्या दोन संकेतांचे गुणोत्तर आणि झडपेच्या दोन संकेतांची बेरीज तपासणे हा त्याच संबंधाचा व्यावहारिक उपयोग होय.

हेही पाहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• कार्ब्युरेटर
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• ओहमचा नियम
• मल्टिमीटर